नऊ वर्षांचा जावई

कंपनीला आपलं खरं वय सांगायचं नाही, असं मी एका रविवारी सकाळी दाढी करता करता ठरवलं. बस, एवढंच. कोणाच्या घरात शिरलो नाही, कोणाला शिव्या दिल्या नाहीत, फक्त एक तारीख चुकीची टाकली. पण त्या एका तारखेपायी माझी मिशी गेली आणि सासूबाईंचं जे काही उरलंसुरलं सुख होतं, ते जाता जाता वाचलं. मिशीचं मला फारसं दुःख नाही. (आहे. पण ते नंतर.)

कंपनी म्हणजे ती हो, तुमच्या-माझ्या खिशात बसलेली. नाव कशाला घ्या, ऐकत असेल. जिना चढताना एकदा मी नुसतं "आई गं" म्हणालो, तर पुढचा आठवडाभर फोनवर गुडघ्याचे पट्टे. मग टक्कल झाकायची टोपी, मग पोट आत घेणारा बनियन, मग घोरू नये म्हणून नाकाला लावायची क्लिप! जाहिराती अशा नेमक्या यायच्या की मला बायकोचाच संशय यायला लागला होता. आणि त्या रविवारी, एका गालाला साबण असताना, फोन म्हणाला, "आपली जन्मतारीख निश्चित करा."

माझं डोकंच सणकलं. आधीच या कंपन्यांबद्दल माझी मतं फार कडक आहेत. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसतो. लोकांच्या नळाला पाणी आलं नाही की ते माझ्याकडे येतात आणि मी त्यांना अर्ज देतो. (पाणी देणं हे दुसऱ्या विभागाचं काम आहे.) दुपारी डबे उघडले की मी सगळ्यांना समजावून सांगतो, "अरे, आपण या कंपन्यांचे भाडेकरू आहोत, भाडेकरू! फोटो त्यांच्या घरात, पत्रं त्यांच्या घरात, पैसेसुद्धा त्यांच्या दारातून आत-बाहेर. उद्या मालकाच्या मनात आलं तर आपलं सामान रस्त्यावर. आणि भांडायला जायचं कुठे? त्यांना खिडकी तरी आहे का?" यावर सगळे माना डोलावतात आणि आपापल्या फोनमध्ये बघत जेवतात.

तेव्हा म्हटलं, आता यांना इंगा दाखवायचाच. जन्मसालाचं चाक मी अंगठ्यानं गरगरा फिरवलं. माझं साल गेलं, बायकोचं गेलं, नोकरीत कायम झालो ते साल गेलं, लग्नाचं साल आलं (तिथे अंगठा जरा अडखळला), तेही गेलं. शेवटी एका ठिकाणी थांबलो. वय वर्षं नऊ. आता पाठवा म्हणावं गुडघ्याचे पट्टे!

"नक्की?" फोननं विचारलं.

"नक्की," मी मोठ्यानं म्हणालो, आणि दुसऱ्या गालाला साबण लावला.

सोमवारी सकाळी फोन उघडला तर पडद्यावर एक ससा. "सुप्रभात, छोट्या दोस्ता! दात घासलेस का?" मी खो खो हसलो. एवढी मोठी कंपनी, जगभर पसरलेली, आणि एका खिडकीवरच्या कारकुनानं तिला शेंडी लावली! ऑफिसात गेल्या गेल्या मी तो ससा सगळ्यांना दाखवला. पट्टे गायब, टोप्या गायब, त्यांच्या जागी रंगीत खडू आणि तीनचाकी सायकल.

"अय्या, किती गोड आहे हो ससा," टायपिस्टबाई म्हणाल्या.

फक्त आमचा वायफाय गंभीर होता. (हे आमच्या एका ज्युनिअरचं टोपणनाव. तो ऑफिसभर असतो, पण हवा तेव्हा सापडत नाही.) तो म्हणाला, "साहेब, लहान मुलांच्या खात्याला नियम वेगळे असतात हां."

"नियम मला सांगतोस?" मी म्हणालो. "सव्वीस वर्षं मी लोकांना नियमच सांगतोय!"

दुपार कलता कलता मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "काय हो, मघाशी मेसेज टाकला, उत्तर नाही द्यायचं?"

"मेसेज? कुठे सर?" मी फोन काढला. साहेबांनी टेबलावरून वाकून पाहिलं. ससा डोळ्यांवर पंजे घेऊन बसला होता आणि खाली लिहिलं होतं, 'एक अनोळखी मोठा माणूस तुझ्याशी बोलू पाहत होता. आम्ही त्याला हाकलून दिलं आहे. घाबरू नकोस.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. मी काही बोलण्याआधीच ससा बाजूला सरकला आणि त्याच्या मागून एक लाल चौकट पुढे आली.

'छोट्या दोस्ता, तुझं खातं पालकांच्या परवानगीशिवाय उघडलेलं दिसतं. तुझ्या सुरक्षेसाठी उद्या संध्याकाळी सहा वाजता हे खातं आणि त्यातलं सगळं कायमचं पुसून टाकलं जाईल. आई किंवा बाबांना लवकर बोलाव!'

पुसा म्हटलं. माझ्या खात्यात होतं काय? विजेची बिलं, कुठल्या तरी लग्नातले माझे डोळे मिटलेले फोटो, आणि... मी साहेबांच्या समोरच्या खुर्चीत, त्यांनी बसा न म्हणताच, बसलो. माझ्या खात्यात सासरे होते.

हे नीट सांगायला हवं. सासरे लिफ्टचे मेकॅनिक. उभं आयुष्य उंच उंच इमारतींच्या पोटात, ग्रीसनं माखलेले. माणूस मितभाषी. पण काम संपलं की निघताना रोज सासूबाईंना फोनवर आवाज पाठवायचे, "निघालो गं. चहा टाक." मागे लिफ्टचं दार धाडकन बंद व्हायचं. सासूबाई ते ऐकून गॅस पेटवायच्या. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या, पण ही सवय गेली नाही. संध्याकाळी तो आवाज ऐकायचा आणि मगच चहा टाकायचा. आमच्या घरात संध्याकाळचा चहा आजही सासरे निघाल्याशिवाय होत नाही.

सासूबाईंचा फोन जुना झाला, तेव्हा मी पुढे झालो. (कोणी सांगितलं होतं?) सगळे आवाज माझ्या खात्यात चढवले. "आई, आता काळजीच सोडा. जळणार नाही, भिजणार नाही, हरवणार नाही. कंपनीच्या गोदामात कायमचे सुरक्षित!" जुना फोन दुकानात देऊन बदल्यात स्वयंपाकघरात ठेवायला, माझ्याच खात्यावर चालणारा एक बोलणारा स्पीकर आणला. म्हणजे दुसरी प्रत कुठेच नव्हती. कंपन्यांवर भाषणं ठोकणाऱ्या या गृहस्थानं सासूबाईंचा नवरा एका कंपनीच्या हवाली करून पावतीसुद्धा घेतली नव्हती.

"बरं वाटत नाहीये का?" साहेबांनी विचारलं.

"घरी जाऊ का सर?" मी म्हणालो. साहेब फोनकडे बघतच हो म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. पातेल्यात पाणी मोजून घेतलेलं, पदराला हात पुसलेले. बायकोही नुकतीच आली होती. ती दातांच्या दवाखान्यात काम करते. घाबरलेल्या माणसाला तोंड उघडायला लावणं हा तिचा रोजचा धंदा आहे, म्हणून मी तिच्या नजरेला नजर न देता पाणी प्यायला लागलो.

सासूबाई स्पीकरला म्हणाल्या, "ह्यांचा आवाज लाव रे."

"हे ऐकायला तू अजून लहान आहेस," सशाचा आवाज म्हणाला. "घरातल्या मोठ्या माणसांना विचार!"

सासूबाईंनी आधी स्पीकरकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे.

"या घरात आता माझ्याहून मोठं कोण राहिलंय?" त्या म्हणाल्या. कुणाला टोमणा नव्हता तो. त्या खरंच विचारत होत्या.

"कंपनीचं काहीतरी दुरुस्तीचं काम चाललंय आई," मी ठोकून दिलं. "उद्या होईल सुरू."

"आई, मी टाकते चहा," बायको म्हणाली.

"नको गं. ते निघाले कुठे अजून."

आणि त्या पातेल्यावर झाकण ठेवून स्टुलावर बसून राहिल्या. थोड्या वेळानं पुन्हा स्पीकरला विचारलं. पुन्हा ससा. मग विचारलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा न मिळाल्यामुळे डोकंही चढलं होतं, पण ते त्या घरात कोणत्या तोंडानं सांगणार? फोन घेऊन मी गुपचूप बाथरूममध्ये गेलो आणि कडी लावली.

पहिला उपाय, चेहरा. फोन म्हणाला की वय चुकलं असेल तर चेहरा दाखव, यंत्र वय ओळखेल. चला, सुटलो! मी नळावर तोंड धुतलं, उरलेले केस नीट बसवले आणि कॅमेऱ्याकडे बघून एखादा सज्जन सत्तेचाळीस वर्षांचा गृहस्थ हसेल तसा हसलो. यंत्रानं बराच वेळ विचार केला.

'हा चेहरा अंदाजे त्रेसष्ट वर्षांचा आहे आणि खातेदाराचा नाही. आजोबा, फोन कृपया नातवाला परत द्या.'

दुसरा उपाय, ओळखपत्र. तेही पाकिटातून काढून दाखवलं. 'छोट्या दोस्ता, मोठ्यांची कागदपत्रं त्यांना न विचारता घेऊ नयेत!' आता राहिला मदतकक्ष. तिथे टाइप करून बोलायचं होतं. मी लिहिलं, "मी लहान नाही. माझं वय सत्तेचाळीस आहे."

"अरे वा! तुला सत्तेचाळीसपर्यंत आकडे येतात? शाबास!"

"मी नोकरी करतो. पाणीपुरवठा कार्यालयात."

"मोठेपणी काय व्हायचं ते आत्ताच ठरवलंस! आता आई किंवा बाबांना बोलाव बघू."

"दोघंही आता नाहीत," मी लिहिलं.

"ऐकून फार वाईट वाटलं. मग तू कोणाजवळ राहतोस?"

"बायकोजवळ. आणि सासूबाई."

"छोट्या दोस्ता, तुझं लग्न लावून दिलंय?"

"हो!"

"तुझ्या मनाविरुद्ध?"

(या प्रश्नाला मी थोडा जास्तच वेळ घेतला. बाहेर बायकोच्या चपला वाजत होत्या.)

"ती तुला घरातली कामं करायला लावते का?"

"लावते," मी लिहून गेलो. खरं बोलायची संधी इतक्या आपुलकीनं कधी मिळालीच नव्हती.

"घाबरू नकोस. तुझी माहिती आम्ही ताबडतोब बालसुरक्षा विभागाला कळवत आहोत."

मी घाईघाईनं ते संभाषण बंद केलं आणि घामानं निथळत बादलीवर बसलो. बाहेरून दारावर थाप पडली. "अहो, आत कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही गं. पोट जरा..."

"मग ती शाबास कोणाला म्हणत होती?"

फोन सगळं मोठ्यानं वाचून दाखवतो, लहान मुलांच्या सोयीसाठी, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तरी मी तोंड उघडलं नाही. सांगायला हवं होतं, तिथेच, त्याच क्षणी. पण या कंपन्यांना कसं वठणीवर आणावं हे तिला मी इतकी वर्षं जेवताना ऐकवत आलो होतो. आता दार उघडून काय सांगणार होतो?

मंगळवारी ऑफिसात शिरल्या शिरल्या वायफायचं मनगट धरलं. "तू माझा बाप हो," मी म्हणालो.

"काय झालं साहेब?"

"पालक हो रे बाबा! परवानगी दे आणि सोडव मला."

त्यानं माझा फोन घेतला, उलटसुलट पाहिलं आणि मान हलवली. "नाही होणार. पालक खात्याच्या कुटुंबगटातलाच लागतो, आणि तुमच्या गटात एकच माणूस आहे. वहिनी."

"मग गटात तुला घेतो ना."

"गटात माणूस घ्यायला पालकाची परवानगी लागते."

मला तो नियम ऐकून एका बाजूला कौतुकच वाटलं. (इतका घट्ट नियम आमच्या कार्यालयालाही अजून जमलेला नाही.) तेवढ्यात खिडकीशी एक रिटायर्ड मास्तर आले. गेले कित्येक दिवस येतायत बिचारे. त्यांच्या मीटरवर त्यांच्या वारलेल्या भावाचं नाव आहे, आणि नाव बदलायला मीटरच्या मालकाची सही लागते.

"अहो, पण तो आता सही कशी करणार?" मास्तर रोजच्यासारखं म्हणाले.

'नियम आहे' हे रोजचं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते मी गिळलं. मी त्यांना आत बोलावलं, स्वतःची खुर्ची दिली, अर्जावर मीच दोन ओळी लिहिल्या आणि तो साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. मास्तर माझ्याकडे संशयानं बघत होते. वायफाय टायपिस्टबाईंच्या कानात म्हणाला, "साहेबांची तब्येत ठीक नाही वाटतं."

पाच वाजता माझ्यानं राहवेना. बॅग उचलली आणि निघालो. घरात शिरलो तर सासूबाई स्वयंपाकघरात, त्याच स्टुलावर. दिवसभर नीट जेवल्या नव्हत्या असं ताटावरून दिसत होतं. मला पाहून त्या हसल्या आणि तेच जास्त लागलं.

"जावईबापू, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "ते 'निघालो' म्हणायचे की 'निघतोय'? सकाळपासून आठवतेय मी. आवाज कानात आणायला जाते आणि तो ससाच येतो मेला."

मला रडूच फुटलं. खरं सांगतो, उभ्या उभ्या. त्याच वेळी बायको दार उघडून आत आली. तिनं पर्स ठेवली, माझ्यासमोर आली आणि दवाखान्यातल्यासारखं हनुवटीला बोट लावून माझं तोंड वर केलं.

"आता उघडा," ती म्हणाली.

मी सगळं ओकलो. रविवारची दाढी, चाक, ससा, साहेब, बादली, बालसुरक्षा विभाग, सगळं. सासूबाईंना निम्मं कळलं असेल, पण जे कळायला हवं ते कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे सहानंतर ते कधीच बोलणार नाहीत?"

"बोलतील," बायको म्हणाली. "द्या तो फोन इकडे." घड्याळात सहाला वीस मिनिटं कमी होती.

माझ्या फोनवरची लाल चौकट वाचून तिनं स्वतःच्या फोनवर पालकाचा अर्ज उघडला. 'आपलं या मुलाशी नातं काय?' आई, वडील, आजी, आजोबा, इतर. बायकोनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि 'इतर' दाबलं. 'मूल हट्टी आहे का?' हो. 'सांगितलेलं ऐकतं का?' नाही. 'भाज्या खातं का?' ती सगळी उत्तरं इतक्या भराभर देत होती की मला त्या धांदलीतही वाईट वाटलं. शेवटचा प्रश्न आला. 'मुलाला शेजारी घेऊन कॅमेऱ्यासमोर या.'

आलो. मी तिच्या शेजारी उभा राहिलो.

'मूल दिसत नाही,' फोन म्हणाला.

मी गुडघ्यांवर बसलो. (गुडघे कडाडले. पट्टा घ्यायला हवा होता.) 'मूल दिसत नाही.' बायकोनं माझ्या टकलावर सासूबाईंची लोकरी टोपी चढवली. फोन म्हणाला, 'मिशी असलेली व्यक्ती दिसत आहे. कृपया तिला बाजूला करा.'

दोघी माझ्या मिशीकडे बघत होत्या.

"नाही हं," मी म्हणालो. "अगं, लग्नाच्या आधीपासूनची आहे ती!"

सासूबाई पातेल्यातलं शिळं पाणी ओतून नवीन भरत होत्या. पाणी ओट्यावर सांडत होतं. मी टोपीसकट उठलो आणि बाथरूममध्ये गेलो. साबण लावायलाही थांबलो नाही. बाहेर आलो तेव्हा ओठावर दोन ठिकाणी रक्त होतं आणि बायको मला पाहून दोन पावलं मागे सरली.

"अगं बाई! हा कोण?"

"चल, धर कॅमेरा!"

पुन्हा गुडघ्यांवर. गाल फुगवले, डोळे मोठे केले. फोननं विचार केला, केला, आणि म्हणाला, 'दोन मोठ्या व्यक्ती दिसत आहेत. त्यांपैकी एक आजारी असावी. मूल दिसत नाही.'

सहाला पाच कमी. बायकोच्या कपाळावर घाम आला होता. तिला मी इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती. ती फोन झटकत होती, पुन्हा पुन्हा बटण दाबत होती. तिचेही वडीलच होते ना ते. मी आपला जमिनीवर टोपी घालून बसलेलो.

तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, कपाटात तो जावईबापूंचा झाडाचा फोटो आहे ना? तो दाखव की."

झाडाचा फोटो! शाळेच्या नाटकात मी झाड झालो होतो. अंगाला हिरवा कागद, डोक्यावर फांद्या, आणि चेहऱ्यावर आत्ता रडतो की मग रडतो असा भाव. माझ्या आईनं लग्नानंतर तो बायकोला दिला होता, आणि बायको तो कपाटात जपून, भांडणाच्या वेळी काढायला, ठेवते. तिनं धावत जाऊन फोटो आणला आणि स्वतःच्या खांद्याशी धरला.

'मूल सापडलं!' फोन आनंदानं म्हणाला. 'किती गोड! परवानगी मंजूर.'

बायको मटकन खुर्चीत बसली. मी तिथूनच, जमिनीवरून, म्हणालो, "आई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही फोटो मागितलात कुठे? तुम्ही एकदम वस्तराच घेतलात. मला वाटलं, मिशी तुम्हाला काढायचीच होती."

मी ओठावरून हात फिरवला. तिथे गारगार लागत होतं. पण सासूबाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या स्पीकरसमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "लाव रे ह्यांचा आवाज."

क्षणभर काहीच नाही. मग लिफ्टचं दार धाडकन वाजलं.

"निघालो गं. चहा टाक."

"निघालो म्हणायचे," सासूबाई म्हणाल्या, आणि गॅस पेटवला.

त्या संध्याकाळी चहात साखर जास्त पडली होती. चहा पिऊन होण्याआधीच बायकोनं सगळे आवाज माझ्या खात्यातून काढून एका छोट्या पेटीत भरले. नेट नाही, ससा नाही, नुसतं एक बटण. ती पेटी सासूबाईंनी चहाच्या डब्यात ठेवली. मी हात जोडून म्हणालो, "आजपासून कंपनीला एकही खोटी माहिती देणार नाही. शपथ!" दोघींनी ती शपथ मान्य केली.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. मास्तरांच्या मीटरवरचं नाव बदललं. मिशी परत उगवली, पण आधीसारखी नाही, एका बाजूनं जरा विचारात पडल्यासारखी दिसते. फोनवर ससा मात्र अजून आहे. संध्याकाळी बातम्या वाचायला घेतल्या की पडदा काळा होतो आणि ससा म्हणतो, 'आज पुरे, छोट्या दोस्ता.' साहेबांचा मेसेज आला तर आधी बायकोला जातो. तिला योग्य वाटला तर माझ्याकडे येतो. नवीन चप्पल मागवायची तर तिची परवानगी, कोणाला फोटो पाठवायचा तर तिची परवानगी. ऑफिसात मी भाषणं बंद केली आहेत, कारण मोठ्यांच्या विषयांवर बोललो की वायफाय विचारतो, "घरी विचारलंत का?"

काल मी अगदी गोडीत विषय काढला. "अगं, त्या खात्यात माझं वय दुरुस्त करायचं राहिलंय. पालकानंच करायचं असतं म्हणे. एका मिनिटाचं काम."

"मी कधीच उघडलं होतं ते पान," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "एकच प्रश्न विचारतात. हे मूल स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याइतकं समंजस झालं आहे का? हो की नाही?"

"मग 'हो' दाब की!"

तिनं निवडायची उरलेली भाजी माझ्यापुढे सरकवली.

"अहो, कंपनीला खोटी माहिती द्यायची नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?"